ढील

शिये फाट्याच्या अलीकडं जेसीबीनं केबल ओढली
तेव्हा दुपारचे साडेतीन.
आम्ही पोचलो तर ड्रायव्हर पळालेला,
खड्ड्यात गुडघाभर पाणी
आणि दोन काळी टोकं, भांडण झाल्यासारखी
एकमेकांकडं पाठ करून.

सुरगोंडानं उसाच्या कडेला ताडपत्री ताणली.
मी चाकू गोल फिरवला.
वरचं काळं साल. खाली पिवळं सूत,
ओढ अंगावर घ्यायला.
मधोमध एक ताठ काडी, आणि तिच्याभोवती सहा नळ्या:
थोडं डावीकडून वळतात, मन बदलतात,
थोडं उजवीकडून.
सहातल्या दोन नुसत्या भरीच्या, आत काही नाही.
"ह्यांस्नी पगार कशाचा, भावा?"
सुरगोंडा दर वेळी विचारतो.
केबल गोल ठेवल्याचा, मी दर वेळी सांगतो.

उरल्या चार. प्रत्येकीत बारा केस काचेचे,
चिकट मलमात सुटे पडलेले.
कशाला बांधलेले नाहीत, कुठं चिकटलेले नाहीत.
महापूर आठ दिवस ह्या चरावर बसून गेला,
त्या मलमापुढं त्याचं काही चाललं नाही.
आणि मोजाल तर हजार मीटर नळीत
दोन-तीन मीटर काच जास्तीची.
मे महिन्यात नळी ताणते,
ट्रक जातो, माती खचते, नळी ताणते.
काच ताणत नाही. तिला अजून ठाऊकच नसतं.

गुजरीत अब्बा दुकानाच्या पायरीवर बसायचे,
पायाच्या अंगठ्याला रेशमाचा फेर,
दातांत दुसरं टोक.
साज ओवता ओवता, दोरा न सोडता, बोलायचे:
"बाई मान वळवणार, हसणार, पोर कडेवर घेणार.
तेवढा साज सरकला पाहिजे.
तंग ओवलास तर दागिना ऱ्हाईल,
माणूस अवघडंल."
मला वाटायचं, गिऱ्हाईक खूश करायचं बोलणं.
मी आयटीआयला गेलो.

निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी,
राखाडी, पांढरा, लाल, काळा,
पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी.
मलम पुसायचं, साल काढायची, टोक सरळ कापायचं,
मशीनच्या पडद्यावर दोन खांब समोरासमोर येतात,
ठिणगी. शून्य पूर्णांक शून्य दोन.
पुढचा.
उसातले किडे दिव्यावर यायला लागले.
तिसऱ्या नळीतला काळा काही बसेना.
शून्य पूर्णांक चौदा. तोडला.
शून्य पूर्णांक अकरा. तोडला.
दर चुकीला बोटभर काच जाते,
ती जास्तीच्यातनंच जाते.
शिल्लक ठेवलेली असते म्हणून चुकता येतं,
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

अब्बांची बोटं आता थरथरतात. सुई दिसत नाही.
परवा जेवताना विचारलं,
"तुझ्या साजाला पानं किती?"
अठ्ठेचाळीस, म्हणालो.
"आणि गळा कुणाचा?"
मी भाकरी मोडत राहिलो.
बावड्यातला दवाखाना असंल, एखादी पतसंस्था,
कुणाचा तरी दुबईहून आलेला व्हिडिओ कॉल.
मला फक्त रंग माहीत आहेत.
त्यांनी तर प्रत्येक गळा बघितला होता.

पावणेतीनला शेवटचा आकाशी बसला.
कुठंतरी एक लाल दिवा हिरवा झाला असणार,
मालक झोपलेला असणार.
सुरगोंडानं थर्मासमधला गुळाचा चहा ओतला,
त्यात एक किडा होता, तो त्यानं बोटानं काढला.
मी जास्तीची काच डब्यात वळसे घालून बसवली,
हाताच्या पंजापेक्षा लहान वळसा नको,
उजेड बाहेर सांडतो.

झाकणाला सहा स्क्रू.
पाच लावले.
सहावा चिखलात पडलेला.
"ऱ्हाऊ दे की," सुरगोंडा म्हणाला,
आणि म्हणता म्हणता
मोबाईलचा टॉर्च लावून
स्वतःच खाली वाकला.